पहिला नंबर ठरलेला असतो तेव्हा

२०२३ चा ऑगस्ट. नेदरलँड्समधल्या झांडफोर्टच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणापाशी मी पावसात बसलो होतो आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. भारतातल्या जुन्या मित्रांचा ग्रुप. नेदरलँड्समध्ये दुपारी तीनला शर्यत सुरू होते, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सगळे टीव्हीसमोर बसलेले, पण बघण्यापेक्षा वादच जोरात चालला होता. ‘मॅक्सच जिंकणार. मग बघायचं काय?’ ज्या मित्राने मला फॉर्म्युला वनची गोडी लावली, शूमाकरच्या काळात पहाटेच्या शर्यतींना फोन करून उठवलं, त्यानेच लिहिलं होतं, ‘या सीझननंतर मी थांबलो.’

ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून मनातल्या मनात त्याच्याशी बोलतोय, आज लिहून काढतो.

आकडे त्याच्या बाजूने आहेत, हे आधी मान्य करतो. २०२३ मध्ये २२ शर्यती झाल्या. त्यातल्या १९ मॅक्स व्हर्स्टापेनने जिंकल्या, १० तर सलग. दोन त्याचा टीममेट सर्जिओ पेरेझने जिंकल्या. त्यांच्या संघाच्या, रेड बुलच्या हातून निसटली ती एकच, सिंगापूरची, ती कार्लोस साइन्झने फेरारीसाठी मिळवली. विश्वविजेतेपद कतारला शनिवारच्या स्प्रिंटमध्येच, म्हणजे आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीतच ठरून गेलं, सहा मुख्य शर्यती शिल्लक असताना. रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवून बसणाऱ्या माणसाला याचा वैताग आला तर त्यात चूक काय?

पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर काय चाललं होतं ते सांगतो. पहिल्याच फेरीत पाऊस आला. सगळ्या गाड्या कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत टायरवर. हे तिसरं वळण ताटलीच्या कडेसारखं उचललेलं आहे, जवळजवळ १९ अंशांनी. ओलं झालं की तिथे गाडी हळूहळू वरच्या भिंतीकडे ओढली जाते, आणि गुळगुळीत टायरवर तर ड्रायव्हर काय करतोय ते स्टेअरिंगवरच्या त्याच्या हातांत दिसतं. ४२ वर्षांच्या फर्नांडो अलोन्सोने तिथेच आतल्या कडेने गाडी घातली आणि तो वर सरकला. पेरेझ फेरी संपताच टायर बदलायला आत गेला. मॅक्स आणखी एक फेरी बाहेर थांबला आणि त्याचा त्याला फटका बसला. आघाडी पेरेझकडे गेली. मग मॅक्स दर फेरीला त्याच्या जवळ येत राहिला आणि पुढच्या टायरबदलात त्याने आघाडी परत घेतली. शेवटाकडे असा पाऊस कोसळला की लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली. मॅक्स पहिला, अलोन्सो दुसरा, पिएर गॅस्ली तिसरा. लियम लॉसन नावाचा पोरगा आयुष्यातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत चालवत होता. डॅनिएल रिकार्डोचा हात सरावात मोडला म्हणून त्याला ऐनवेळी गाडीत बसवलेलं, तेही अशा पावसात! मी इतकी चांगली शर्यत डोळ्यांनी पाहिलेली नाही. ग्रुपवर निकाल एका ओळीत आला : ‘परत तोच.’

पुढच्या वर्षी मी पुन्हा तिथेच बसलो. आता सीझन ‘रंगतदार’ झाला होता. २०२४ मध्ये सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी एकाहून जास्त शर्यती जिंकल्या, असं याआधी कधीच झालं नव्हतं. मित्र खूश होते. झांडफोर्टला सुरुवातीला मॅक्स पुढे गेला, अठराव्या फेरीत लँडो नॉरिसने त्याला गाठलं, आणि मग नॉरिस जो सुटला तो जवळपास २३ सेकंदांनी जिंकला. उरलेला तासभर पुढच्या गाड्या रांगेने जात होत्या. त्या रात्री ग्रुपवर : ‘काय सीझन चाललाय!’ सीझन छान होता, यात वाद नाही. पण ती शर्यत? शर्यत म्हणून ती आदल्या वर्षीच्या पासंगालाही पुरत नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की माझे मित्र गुणतक्ता वाचतायत आणि मी वळण बघतोय, आणि दोघंही त्याला शर्यत बघणं म्हणतोय.

मी नारिंगी टोप्या घालणाऱ्या मॅक्सच्या डच चाहत्यांच्या गर्दीत राहतो म्हणून असं बोलतो का, हेही स्वतःला विचारून पाहिलं. माझ्या शेजारचे आजोबा १९८५ मध्ये झांडफोर्टला गेले होते. निकी लाउडाचा तो शेवटचा विजय, अ‍ॅलन प्रोस्टपेक्षा ०.२३२ सेकंदांनी पुढे. त्यानंतर तिथे शर्यत आली ती थेट २०२१ मध्ये. मधल्या काळात या लोकांनी काय पाहिलं? मॅक्सचे वडील योस १९९४ मध्ये दोनदा तिसरे आले, त्यावर यांची कितीतरी वर्षं गेली. २०१६ मध्ये स्पेनला १८ वर्षांचा मॅक्स जिंकेपर्यंत एकाही डच ड्रायव्हरने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकलेली नव्हती. मी आजोबांना विचारलं, दर वेळी तोच जिंकतो, कंटाळा येत नाही? ते म्हणाले, ‘आम्ही एवढी वर्षं बाराव्या नंबरसाठी श्वास रोखून बसायचो. बघायचं कसं ते तेव्हाच शिकलो.’

त्यांचं हे उत्तर मी ग्रुपवर टाकलं. लगेच उत्तर आलं : त्यांचा माणूस आहे, आपला कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बसून बघणाऱ्याला गावचा ड्रायव्हर नाही, संघ नाही, ट्रॅकवर शर्यतही नाही. उरतो तो फक्त पहिला नंबर, आणि तोच आधी ठरलेला असेल तर पोकळी वाटणारच.

तरीही मी २०१३ ची आठवण काढतो, कारण तेव्हा ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर आम्ही सगळे मिळून गेलो होतो. भारतात फॉर्म्युला वन तीनदा झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेलच जिंकला, तिन्ही वेळा पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात करून. त्या वर्षी तर तो सलग नऊ जिंकण्याच्या मार्गावर होता. मॉन्झाला आणि सिंगापूरला लोकांनी पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या बक्षिसाच्या मंचावर, त्याची हुर्यो उडवली होती. आमच्यासमोर त्याने दुसऱ्याच फेरीत टायर बदलले, मागे पडला, एकेकाला ओलांडत वर आला आणि जवळजवळ ३० सेकंदांनी जिंकून चौथं विश्वविजेतेपद घेतलं. मग स्टँडसमोर गाडी गोल गोल फिरवली, धुरातून उतरला आणि गाडीपुढे गुडघे टेकून वाकला. नियमाबाहेर गाडी थांबवली म्हणून संघाला २५,००० युरो दंड झाला. त्याच शर्यतीत रोमां ग्रोजां सतराव्या जागेवरून निघून तिसरा आला होता. आता ‘थांबलो’ म्हणणारा माझा मित्र तेव्हा कोणासाठी ओरडत होता? ग्रोजांसाठी. घसा बसला होता त्याचा. आणि त्याआधी २०११ मध्ये, फेटेलने पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी सोडली नव्हती तेव्हा, हाच मित्र टीव्हीवर आपल्या नारायण कार्तिकेयनला शोधत होता. नारायण सतरावा आला. त्या संध्याकाळी कोणीही कंटाळा हा शब्द काढला नाही.

कंटाळवाणे सीझन असतात, मी नाही म्हणत नाही. पण ते एका माणसाच्या जिंकण्याने होत नाहीत. लढणाऱ्याला लढू दिलं नाही की होतात. १९८८ घ्या. मॅकलारेन संघाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. तक्त्यावर याहून एकतर्फी काय असणार? तरी त्या सीझनबद्दल लोक अजून बोलतात, कारण त्या दोन गाड्यांत आयर्टन सेना आणि प्रोस्ट होते आणि संघाने त्यांना मोकळं सोडलं होतं. सेनाने ८ जिंकल्या, प्रोस्टने ७. उरलेली एक मॉन्झाला फेरारीच्या गेरहार्ड बर्गरने जिंकली, फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी गेल्यानंतर महिन्याच्या आत, इटलीत.

आता २००२. ऑस्ट्रियाला रुबेन्स बॅरिकेलो पोलवरून निघाला, दिवसभर पुढे राहिला आणि शेवटच्या काही मीटरवर फेरारी संघाच्या हुकमावरून त्याने टीममेट शूमाकरला पुढे जाऊ दिलं. सीझनमधली ती जेमतेम सहावी शर्यत. शूमाकरला गरजही नव्हती. त्या वर्षी तो सतराच्या सतरा शर्यतींत पोडियमवर होता, जुलैमध्येच त्याने विजेतेपद संपवलं. तो दिवस मला आजही टोचतो, आणि मी शूमाकरचा भक्त होतो. पोडियमवरच्या गोंधळाबद्दल १० लाख डॉलर दंड झाला, पुढच्या वर्षी असे हुकूम नियमाने बंद झाले, पण माझ्या मनातून ते चित्र गेलं नाही.

मग २०२३ कुठे बसतं? पेरेझला कोणी थांबवलेलं नव्हतं. गाडी तीच. मॅक्सचे गुण ५७५, पेरेझचे २८५. संघांत दुसऱ्या आलेल्या मर्सिडीजच्या दोन ड्रायव्हरांचे मिळून ४०९ होते, म्हणजे मॅक्स एकटा संघाचं विजेतेपदसुद्धा घेऊन गेला असता. गाडी जिंकते, ड्रायव्हर नुसता बसलेला असतो, असं आपण इतकी वर्षं ऐकत आलो. तो वाद निकालात काढणारा पुरावा दर रविवारी समोर येत होता, आणि आपण टीव्ही बंद करायच्या गोष्टी करत होतो.

ग्रुपवर उपायही सुचतात. जिंकणाऱ्याला पुढच्या वेळी शेवटून सोडा. जिंकणाऱ्याच्या गाडीत वजन घाला. मला हे अजिबात पटत नाही. चांगलं काम केलं म्हणून शिक्षा देणाऱ्या खेळात मी मन गुंतवू शकत नाही. बरं, मागच्यांना हात देण्याची सोय फॉर्म्युला वनमध्ये आहेच. संघांच्या खर्चावर २०२१ पासून मर्यादा आहे. विंड टनेलमधल्या, म्हणजे गाडीवर वारा सोडून करायच्या चाचण्यांचा वाटा विजेत्या संघाला ठरलेल्या प्रमाणाच्या ७० टक्केच मिळतो आणि तळाच्या संघाला ११५ टक्के. अशा नियमाने मागचा हळूहळू शहाणा होतो, पुढच्याच्या पायात बेडी पडत नाही. हे मला न्यायाचं वाटतं. त्याला वेळ लागतो, तेवढा धीर आपण धरायला हवा.

आणि कोणी पाडण्यासाठी आधी कोणीतरी वर असावं लागतं. स्टीव्ह वॉच्या ऑस्ट्रेलियाने सलग १६ कसोटी जिंकल्या नसत्या, तर २००१ मधल्या कोलकात्याच्या लक्ष्मणच्या २८१ धावा आपल्या मनात आज इतक्या उंच असत्या का? माझ्या या मित्रासमोर हा दाखला ठेवला, तेव्हा तो बराच वेळ ‘टायपिंग’ करत राहिला आणि शेवटी काहीच आलं नाही.

मग २०२५ आलं. झांडफोर्टची शर्यत ऑस्कर पियास्ट्री जिंकला आणि मॅक्स त्याच्या १०४ गुण मागे पडला. तिथून मॅक्स चढत आला. शेवटच्या अबू धाबीच्या शर्यतीत तो आघाडीवर होता आणि आरामात होता. पण विजेतेपद नॉरिसच्या तिसऱ्या जागेवर लटकलं होतं. तिसरा आला तर दोन गुणांनी नॉरिस, चौथा आला तर एका गुणाने मॅक्स. नॉरिसच्या मागे शार्ल लक्लेर.

भारतात पुन्हा संध्याकाळचे साडेसहा. ग्रुपवर पहिला मेसेज ‘थांबलो’ म्हणणाऱ्याचाच : ‘लक्लेर किती मागे आहे?’ मग दर दोन फेऱ्यांनी तोच प्रश्न, मग नुसतेच आकडे. मी इथून टायमिंगच्या स्क्रीनवर बघून उत्तरं देत होतो. नॉरिस तिसराच राहिला. त्या दीड तासात पहिली गाडी कुठे आहे, हे ग्रुपवर एकानेही विचारलं नाही.