फेरेटला लाकडी घर चालत नाही? कोण म्हणतं?

फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट अंगाचा छोटा पाळीव प्राणी. महिनाभरात त्याच्याबद्दलचा एकच मेसेज मला पाच जणांनी पाठवला. ‘फेरेट उंदराच्या जातीचा, लाकूड कुरतडून पळतो. लाकडाचा वास कधी जात नाही, उन्हाळ्यात ते भट्टीसारखं तापतं. घरी ठोकाठोक करू नका, लोखंडी जाळीचा तयार पिंजरा आणा, आत फोमची गादी टाका.’ छत्रपती संभाजीनगरात माझ्या घरी दोन फेरेट आहेत आणि त्यांचं घर मी सुताराजवळ बसून करून घेतलंय. आपल्याकडे फेरेट पाळणारे मोजके, विचारायला शेजारीपाजारी कुणी नाही. म्हणून असला मेसेज लोक खरा धरतात, आणि भोगावं लागतं मुक्या जिवाला.

फेरेट उंदराच्या जातीचा नाही. तो पाणमांजराच्या कुळातला, निव्वळ मांसाहारी. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्याला कुरतडावंच लागतं. फेरेटचं तसं नाही. तो नखांनी ओरबाडतो. माझ्याकडच्या दाराला आतून खालच्या चार इंचांत नुसते ओरखडे आहेत, फळी मात्र शाबूत. त्याला चावायला आवडतं ते मऊ : रबर, स्पंज, फोम. गिळलेला तुकडा आतड्यात अडकला की बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं. म्हणजे त्या मेसेजमधली सगळ्यात घातक वस्तू ती गादीच! जुन्या सुती लुगड्याची वाकळ अंथरा, तीत ते गुरफटून दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपतात.

वासाचं म्हणणं अर्धं खरं आहे. फेरेट मागे मागे सरकत कोपरा गाठतो, शेपटी उचलतो आणि तिथेच उरकतो. माझा पहिला खोका साध्या प्लायचा, कडा उघड्या. दोन महिन्यांत कोपऱ्यातले थर फुगून पापुद्रे सुटले आणि खोलीत पाय ठेववेना. चूक उघड्या कडांची होती, म्हणजे माझी. दुसऱ्या वेळी आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घेतला, कापलेल्या कडांसकट पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन हात दिले आणि वास पूर्ण उडेपर्यंत खोका गच्चीवर ठेवला. तळाला व्हिनाइल शीट, तीही भिंतीवर चार इंच चढवलेली. तिची कड लाकडी पट्टीखाली दाबली, कारण फटी बुजवायचं रबरासारखं सिलिकॉन नुसतं लावलं तर फेरेट ते खातात. कोपऱ्यात रोज धुता येईल असा ट्रे. त्यात पाइन किंवा देवदाराचा भुसा नको, त्याच्या उग्र वासाने श्वासनलिकेला त्रास होतो. बाकी त्यांच्या अंगाचा मूळ वास कातडीतल्या ग्रंथींचा, तो लोखंडी पिंजऱ्यातही येणारच.

लाकूड तापतं म्हणे! लाकूड-मातीच्या माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटायचं नाही. उन्हातल्या पत्र्याला हात लावा, मग फळीला लावा. खरी गोष्ट वेगळीच आहे. फेरेटला घाम जवळजवळ येत नाही, पारा तिशीच्या पुढे गेला की उष्माघाताची भीती. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तिथे कुठलाच पिंजरा त्याला वाचवत नाही. घरातली सगळ्यात थंड खोली त्याला द्या, पत्र्याची तर मुळीच नको. कोरड्या मे महिन्यात कूलर पुरतो, जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा उपयोग राहत नाही. मग एसी लागतोच. लाइट गेली तर फ्रीजरमधली बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर वाळूज एमआयडीसीच्या बाजूला भंगारात पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, मिळतात. फळीवरचा शिक्का वाचा : एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेलं, ते सोडा.

फटींबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही. फेरेटचं डोकं शिरलं की अंग शिरलंच, आणि तयार पिंजऱ्यांच्या गजांत एवढी फट बऱ्याचदा असते. अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी घ्या, ती चौकटीला आतून ठोका आणि दाराला दोन कड्या लावा. एक कडी आमच्याकडच्या मादीने आठवड्यात नाकाने उचलायला शिकून घेतली.