हलत्या चित्रांभोवतीची पांढरी किनार: फोनला दोष देऊ नका

हलत्या चित्रांच्या कडेला दिसणारी ती पांढरट, दातेरी किनार आपण सगळ्यांनी निमूटपणे चालवून घेतली आहे. मला ते अजिबात पटत नाही. कोणी तक्रार केलीच तर "तुझा फोन जुना असेल", "नेट स्लो असेल" असं ठरलेलं उत्तर मिळतं. फोनचा किंवा नेटचा याच्याशी काडीचा संबंध नाही. दोष फाईलमध्येच असतो आणि तो बहुतेक वेळा टाळता येतो. शुभेच्छापत्रं, आमंत्रणं बनवण्याचंच माझं काम असल्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

पणतीची हलती ज्योत घ्या, गिफ फाईलमध्ये बनवलेली. गिफ हा फॉरमॅट कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या टीमने 1987 साली आणला. पारदर्शकपणा त्यात आला 1989 च्या सुधारित आवृत्तीत, आणि तोही अगदी मोजका. एका फ्रेमच्या (हलत्या चित्रातल्या एकेका स्थिर चित्राच्या) पॅलेटमध्ये, म्हणजे रंगांच्या यादीत, जास्तीत जास्त 256 रंग, त्यातला एक रंग 'पारदर्शक' म्हणून राखून ठेवायचा. म्हणजे पिक्सेल एकतर पूर्ण दिसणार, नाहीतर अजिबात दिसणार नाही. अर्धवट दिसण्याची सोयच नाही.

आणि ज्योतीची कड तर अर्धवटच असते! समजा तिचा केशरी रंग 255, 140, 0 (लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण, प्रत्येकी 0 ते 255) आहे आणि कडेचा एक पिक्सेल निम्मा पारदर्शक आहे. गिफ बनवताना सॉफ्टवेअर तो मागच्या रंगात मिसळून टाकतं, आणि मागे बहुतेक वेळा पांढरा धरलेला असतो. मग तो पिक्सेल होतो 255, 198, 128, म्हणजे फिकट बदामी. पांढऱ्या पानावर हे खपून जातं. डार्क मोडमध्ये, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर, मात्र तिथे 128, 70, 0 असा गडद तपकिरी हवा असतो आणि दिसतो तो बदामी ठिपका. असे शेकडो ठिपके ज्योतीभोवती रांगेने उभे राहिले की खडूने गिरवल्यासारखी कड दिसते. डार्क मोड आता कितीतरी जण वापरतात, तरी चित्रं अजून पांढरा कागद गृहीत धरूनच बनतात.

दुसरा घोळ जास्त वाईट आहे. गिफमधली प्रत्येक फ्रेम सोबत एक सूचना घेऊन येते: माझी वेळ संपली की मला तसंच राहू द्या, माझी जागा पुसून टाका, किंवा माझ्याआधी जे होतं ते परत आणा. पारदर्शक चित्रात 'तसंच राहू द्या' पडलं की ज्योत उजवीकडे झुकते, पण डावीकडची ज्योत जागची हलत नाही. थोड्याच वेळात एका पणतीला चार-पाच ज्योती! याच्या उलटही होतं. फाईल लहान करणारी साधनं मागच्या फ्रेमपेक्षा न बदललेले पिक्सेल पारदर्शक करून टाकतात, कारण खाली जुनं चित्र शिल्लक आहे याची त्यांना खात्री असते. मग तीच फाईल कोणीतरी दुसऱ्या अ‍ॅपमध्ये कापतो, ते अ‍ॅप सगळ्या फ्रेमना 'पुसून टाका' लावतं, आणि पणतीला भोकं पडतात. म्हणून गिफला हात लावण्याआधी प्रत्येक फ्रेम पूर्ण उलगडून घ्यायची असते. इमेजमॅजिकमध्ये त्याला 'कोअलेस' म्हणतात, गिफसिकलमध्ये 'अनऑप्टिमाइझ'. दोन्ही साधनं फुकट आहेत.

हे एवढं मनाला का लावून घ्यायचं, असं कोणी विचारेल. आपल्याकडे हलती पणती फक्त दिवाळीला येत नाही. घरात कोणी गेलं की त्यांच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून तीच ज्योत ठेवतात. तिच्या ओघळलेल्या फ्रेम त्या माणसाच्या चेहऱ्यावर चढलेल्या मी पाहिल्या आहेत. घरच्यांनी तो फोटो जपून ठेवलेला असतो, आणि बनवणाऱ्याने एकदा काळ्या पार्श्वभूमीवर लावून बघण्याचेही कष्ट घेतलेले नसतात. मला याचा मनापासून राग येतो.

उपाय काही नवा नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या मंडळींनी 2004 मध्येच एपीएनजी मांडला, म्हणजे पीएनजी या स्थिर चित्रांच्या फॉरमॅटसारखी पूर्ण, 256 पायऱ्यांची पारदर्शकता असलेलं हलतं चित्र. 2007 मध्ये पीएनजीच्या गटाने तो नाकारला. फायरफॉक्समध्ये तो 2008 ला आला, क्रोममध्ये यायला 2017 उजाडलं, आणि पीएनजीच्या अधिकृत मानकात त्याला जागा मिळाली 2025 मध्ये. गूगलचा वेबपी हा फॉरमॅटही हे काम उत्तम करतो. मऊ कडेची कुठलीही गोष्ट, मग ती ज्योत असो, धूर असो की सावली, यापुढे गिफमध्ये बनवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळंच. तिथे पाठवलेलं गिफ प्रत्यक्षात एमपी4 व्हिडिओ होऊन जातं, आणि त्या नेहमीच्या व्हिडिओत पारदर्शकतेला जागाच नसते. म्हणून मागे चौकोन दिसतो. पारदर्शक हवं असेल तर स्टिकर करा: वेबपी, 512 बाय 512 पिक्सेल, हलतं असेल तर 500 केबीच्या आत. स्टिकरभोवती 8 पिक्सेलची पांढरी रेघ द्या, असं व्हॉट्सअ‍ॅपच्याच सूचनांत आहे. ती रेघ मुद्दाम, एकसारखी काढलेली असते, त्यामुळे कुठल्याही वॉलपेपरवर शोभते.

बनवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पाठवण्याआधी चित्र पांढऱ्यावर, काळ्यावर आणि एखाद्या भडक रंगावर लावून बघा. आणि किनार पडलेलं गिफ दुरुस्त करत बसू नका. कडेची मूळ पारदर्शकता त्यात उरलेलीच नसते, कितीही घासलं तरी ती परत येत नाही. ज्याने बनवलं त्याच्याकडून लेयर (चित्राचे वेगवेगळे थर) असलेली मूळ फाईल मागून घ्या.