भाऊ, अंगरक्षक असाच ठेवा

तुमच्याकडे अजून बाउन्सर नाही? पुण्यात राहता ना? दोन प्लॉट झाले, गळ्यात बोटाएवढी साखळी आली, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, आणि तुम्ही अजून एकटेच हिंडता? लोक काय म्हणतील, याचा काही विचार? असो. मदत करतो. या विषयातलं माझं ज्ञान अगदी ताजं आहे. गेल्या रविवारी कर्वेनगरच्या एका मंगल कार्यालयात मिळालं, अळूची भाजी आणि मठ्ठा यांच्या मधल्या जागेत.

भाच्याचं लग्न होतं. दुसरी पंगत. शेजारी माझी आत्या, वय वर्षं 81, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. तिनं नुकतंच वरणभातावर तूप घेतलं होतं. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. काळा टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘सिक्युरिटी’, कानात वायर. वायरचं दुसरं टोक खिशातल्या मोबाइलला.

“काका, जरा उठून घ्या. भाऊंना बसायचंय.”

“जेवतोय मी.”

“दोनच मिनिटं, काका.”

भरल्या ताटावरून! आत्या म्हणाली, “अरे मेल्या, हात खरकटा आहे माझा.” तर दोघांनी तिची खुर्ची तिच्यासकट उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवली. मग भाऊ बसले. जिलबी तोंडापर्यंत नेली, फोटो झाला, जिलबी परत पानात ठेवली. अकरा मिनिटांत काळी गाडी निघूनही गेली.

तेव्हा आता शिका.

माणूस निवडताना फक्त वजन बघा. शंभर किलोच्या खाली बघूच नका. खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा 2005 साली झाला, आणि त्याखालच्या नमुना नियमांत रक्षकाला वर्गातलं 100 तास आणि मैदानावरचं 60 तास, किमान 20 दिवसांचं प्रशिक्षण सांगितलंय. गर्दी कशी हाताळायची, आग लागली तर काय, प्रथमोपचार, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर, असलं काहीबाही त्यात असतं. एवढा वेळ कुणाला आहे? सरळ जिममधून उचला. दंड दिसला की झालं.

कपडे शक्यतो फौजी वाटतील असे घ्या. ठिपक्याठिपक्यांची पँट, बूट, टोपी. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखं काही घातलं तर रक्षकाला आणि त्याच्या संस्थेच्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं त्याच कायद्यात आहे. पण फोटो काय खुलतो!

गॉगल रात्रीही.

पिस्तुलाशिवाय मजा नाही, हे मान्य. ते दिसलं पाहिजे, म्हणून शर्ट त्याच बाजूनं खोचा. 2016 चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक जागी पिस्तूल म्यानात आणि पूर्ण झाकलेलं हवं, आणि लग्न, मिरवणूक, जत्रेत ते नाचवलं तर परवाना जाऊ शकतो. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही ते घेतलंत, नेमक्या त्याच कारणाला बंदी. कसला हा सरकारी खोडसाळपणा! 2019 च्या दुरुस्तीनं तर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली, आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या घोड्यापुढं आता माणसानं करायचं तरी काय? तुमचं पिस्तूल तुमच्या परवान्यावर, म्हणून ते वाटेल त्याच्या कमरेला लावता येत नाही, हा आणखी एक जाच. आणि केक तलवारीनं कापायची हौस असेल तर तलवारही शस्त्र कायद्यातच येते. चमच्यानं कापा.

कुठं चाललात ते निघण्याआधी इन्स्टाला टाका.

रक्षकाचे हात कधी मोकळे ठेवू नका. छत्री द्या, फोन द्या, शाल, हार, नारळ, वहिनींची पर्स, धाकट्याची वॉटरबॅग, सगळं त्याच्याकडे द्या. हात मोकळे राहिले तर त्याच्या हातून एखाद्या वेळी चुकून संरक्षण घडायचं.

कारण संरक्षण नावाचं जे काम असतं ना, ते बघायला फार कंटाळवाणं आहे. ज्याला ते येतं तो आधी येऊन जागा बघून जातो. दारं किती, मागचं कुठं उघडतं, गाडी तोंड बाहेर करून लावलीय का. उभा राहतो तो पाठ भिंतीला लावून, दाराकडं तोंड करून. लोकांच्या चेहऱ्यांकडे नाही, हातांकडे बघतो. आपल्या माणसापासून हातभर अंतरावर असतो. आणि काही झालंच तर मारामारी करत बसत नाही. मध्ये शिरतो, मान खाली दाबतो आणि माणसाला तिथून काढतो, संपलं. भाऊंच्या चौघांपैकी एकाला मी मुद्दाम विचारलं, “मागचं दार कुठंय रे?” म्हणाला, “काका, आम्ही पण आत्ताच आलोय.” चौघंही भाऊंकडे तोंड करून उभे होते. भाऊंवर हल्ला भाऊच करणार असते तर बंदोबस्त चोख होता.

आणि ते पिस्तूल! 1983 साली डेनिस ट्युलर नावाच्या अमेरिकी पोलिसानं मोजून दाखवलंय की 21 फुटांवरचा सुरीवाला साधारण दीड सेकंदात अंगावर येतो, आणि पिस्तूल काढून झाडायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. पंगतीत 21 फूट कुठले आणायचे? तिथं दोन खुर्च्यांमधून वाढपी आडवा होऊन जातो. शिवाय गर्दीत झाडलेली गोळी पाहुणा कोण आणि मारेकरी कोण हे विचारत नाही. खरा धोका कशाला म्हणतात ते या शहरानं बघितलंय. 10 ऑगस्ट 1986 ला माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांच्यावर इथंच, भर रस्त्यात मोटारसायकलवरून येऊन गोळ्या झाडल्या. ते स्वतः गाडी चालवत होते. अंगरक्षक गाडीतच होता, तोही जखमी झाला. युद्धं लढलेला माणूस बाजारातून घरी चालला होता, कुणाला ताटावरून उठवून नाही.

आणि रिकाम्या हातांचं म्हणाल तर जून 2023, सदाशिव पेठ. एक पोरगा भरदिवसा कोयता घेऊन मुलीच्या मागं धावला. रस्त्यावर माणसं होती, बघत होती. पुढं झाली ती स्पर्धा परीक्षेसाठी गावाकडून येऊन अभ्यास करणारी पोरं. त्यांनी तो कोयता हातानं अडवला आणि मुलगी वाचली. त्यांच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं, कानात वायर नव्हती, शंभर किलो तर नव्हतीच, मेसच्या डब्यावर कुठून होणार? “होता जिवा म्हणून वाचला शिवा” हे आपण शाळेपासून घोकतोय. जिवा महालानं सय्यद बंडाचा वार अडवला म्हणून त्याचं नाव राहिलं. त्यानं त्याआधी प्रतापगडावर कुणाच्या खुर्च्या उचलल्याचं माझ्या तरी वाचनात नाही!

बरं, हे जे आपल्याला ढकलतात, “साइड, साइड” करत छातीवर तळवा ठेवतात, त्यांना तो अधिकार दिला कुणी? कुणीच नाही. जेवढा मला तेवढाच त्यांना. कुणी अंगावर आलं तर स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला गरजेपुरतं बळ वापरता येतं, ते तुम्हा-आम्हालाही येतं. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर धरून सहा तासांत पोलिसांच्या हवाली करता येतं, तेही सगळ्यांनाच. बाकी वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या 126 व्या कलमाखाली गुन्हा आहे, महिनाभर कैद होऊ शकते. पण तक्रार द्यायला जायचं कुणी? मी? चौकीत कोण बसलेलं असतं आणि कुणाच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो असतो, मी सांगायला नको.

आता सरळच बोलतो, भाऊ. तुम्हाला मारायला कुणीही येत नाहीये. येईल असं तुम्हालाही वाटत नाही, नाहीतर असे गाजावाजा करत आला नसतात. खरोखर भीती असेल तर पोलिसांकडे अर्ज करा, शिकलेला एक माणूस ठेवा, फोन बंद ठेवा आणि घरी बसा. ते नको असेल तर एकटे हिंडा आमच्यासारखे. पण 81 वर्षांच्या बाईला जेवताना खुर्चीसकट उचलायचं, आणि कशासाठी, तर जिलबी तोंडाजवळ नेऊन फोटो काढायला? लाज वाटत नाही? ज्या पोरांना तुम्ही उभं केलंत त्यांना आधी जेवायला तरी घाला. त्यातलं एक गाडीत मावलं नाही म्हणून मागंच राहिलं होतं. हात धुवायच्या बेसिनमागं लपून मठ्ठा पीत होतं. विशीतलं पोर. “सकाळी सहापासून उभाय, काका,” म्हणालं. ज्या आत्याची खुर्ची त्यानं उचलली होती, तिनंच वाढप्याला हाक मारून त्याचं पान मांडायला लावलं. तो बसायला तयार होईना. उभ्यानंच जेवला, कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून, सगळा वेळ दाराकडं बघत. तुमच्या चौघांपैकी एवढं एकच काम त्या दिवशी कुणीतरी नीट केलं.