साखरेचं बिल सोड्याच्या नावावर

ऊन तापायला लागलं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवसात तिघांकडून आला, त्यातली एक माझी सख्खी आत्या. मजकुराचं सार असं: फळांचा रस सोडा वॉटरमध्ये घालून घरी जी पेयं करतात ती म्हणजे सावकाश भिनणारं विष. सोड्यातला वायू हाडांमधलं कॅल्शियम ओढून घेतो, रक्त आम्ल करतो, दात झिजवतो, फळातलं क जीवनसत्त्व मारतो, वजन वाढवतो. तेव्हा ही पेयं आणि दुकानातलं कोल्ड्रिंक यांत काडीचा फरक नाही. खाली जोडलेल्या हातांची चार चित्रं आणि दहा जणांना पाठवायची विनंती.

आत्याला मी फोनवर थोडक्यात समजावलं. तिचं म्हणणं, "अगं, इतके लोक पाठवतायत ते काय उगाच?" म्हणून हे सविस्तर.

गोंधळ मुळात नावापासून आहे. धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि पेल्यात फसफसणारा सोडा, तिघांना आपण एकाच नावानं हाक मारतो. फसफसणारं पाणी म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवलेलं पाणी, बस. 1767 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जोसेफ प्रिस्टली बिअरच्या एका कारखान्याला लागून राहत होते. आंबणाऱ्या पिंपांवर जो वायू साचून राहतो त्यात त्यांनी पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून पाहिलं, आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. ते कसं करायचं याची पुस्तिकाही त्यांनी 1772 मध्ये छापली. पुढे असं पाणी करणारे त्यात सोडियमचा क्षार घालू लागले, म्हणून ते सोडा वॉटर. कित्येक बाटल्यांमधून तो क्षार गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बाटली घेताना मात्र हा फरक कामाचा आहे. साध्या स्पार्कलिंग वॉटरमध्ये पाणी आणि वायू याखेरीज काही घातलेलं नसतं. क्लब सोड्यात सोडियमचे क्षार असतात; रक्तदाबामुळे मीठ मोजून खाणाऱ्यानं तिथं लेबल वाचावं. आणि टॉनिक वॉटर ही तिसरीच गोष्ट. त्यात क्विनाइन हे कडू द्रव्य असतं आणि बहुतेक वेळा चांगली भरपूर साखरही, जी कडू चवीच्या आड लपून राहते. 'सोडाच तर आहे' म्हणून टॉनिक ओतणारे मी पाहिलेत.

आता हाडं. ही भीती हवेतून आलेली नाही, तिला एक मूळ आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन पाहणीतून 2006 मध्ये असं दिसलं की नियमित कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी होती. मजकूर लिहिणाऱ्यानं एवढंच वाचलं असावं. त्याच पाहणीत कोला सोडून इतर फसफसणाऱ्या पेयांच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही, हे पुढचं वाक्य गाळलं की झालं काम! संशय कोलातल्या फॉस्फोरिक आम्लावर आणि कॅफिनवर आहे, शिवाय कोला पिणारी माणसं दूध कमी पितात का, हाही प्रश्न उरतोच. 2005 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या निरोगी स्त्रियांना काही आठवडे रोज लिटरभर फसफसणारं खनिज पाणी देऊन पाहिलं होतं. हाडांच्या झिजेच्या खुणांमध्ये फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, मान्य. पण मजकुराच्या बाजूनं तेवढाही नाही.

रक्त आम्ल होण्याची गोष्ट तर हिशोबानंच निकालात निघते. चांगल्या गॅसदार पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण सहा ते आठ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. आपलं शरीर दिवसाकाठी पाऊण ते एक किलो कार्बन डायऑक्साइड स्वतः तयार करतं आणि फुफ्फुसांवाटे बाहेर टाकतं. म्हणजे अख्खी बाटली संपवली, त्यातला एकही ढेकर आला नाही असं धरलं, तरी ती पाव तासाच्या श्वासांइतकी भर. रक्ताचा सामू (म्हणजे पीएच, आम्लता सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचं काम फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं अहोरात्र करतात. एका पेल्यानं ती गडबडत असती तर जिना चढून धाप लागल्यावर आपण खलासच झालो असतो.

दातांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. साध्या सोड्याचा सामू 4 ते 5 च्या दरम्यान असतो आणि दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं टणक कवच, साधारण 5.5 च्या खाली विरघळू लागतं. कागदावर मजकूर जिंकला. पण कार्बोनिक आम्ल दुबळं असतं. तोंडात आल्यावर वायू उडतो आणि उरलेलं लाळ पटकन निपटते. 2001 मध्ये प्रयोगशाळेत खनिज पाणी आणि बाजारातली गोड पेयं यांची दातांवरची झीज ताडून पाहिली गेली. फसफसणाऱ्या पाण्यानं झीज साध्या पाण्यापेक्षा किंचित जास्त झाली, गोड पेयांच्या तुलनेत मात्र ती नगण्य होती.

मग अर्धं खरं कुठलं? तर आपण त्या सोड्यात पिळतो ते लिंबू. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5. सामूच्या मोजपट्टीवर एक अंक खाली म्हणजे दहापट आम्ल, दोन अंक खाली म्हणजे शंभरपट. दातांना त्रास झालाच तर तो फळाच्या आम्लाचा, बुडबुड्यांचा नाही. हेच लिंबू साध्या पाण्यात पिळलं तरी होणारा. उपाय सोपे आहेत. पेय जेवणाबरोबर घ्या, एकच पेला टेबलावर ठेवून दोन तास घोट घोट चाखत बसू नका, नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि ब्रश निदान अर्ध्या तासानं करा. आंबट प्यायल्यावर लगेच दात घासणं हा स्वच्छतेचा अतिरेक दातांना महागात पडतो, कारण त्या वेळी एनॅमल मऊ झालेलं असतं.

क जीवनसत्त्वाबद्दल फार लिहायची गरज नाही. ते ऑक्सिजननं, उष्णतेनं आणि उजेडानं जातं. आम्ल वातावरणात उलट ते जास्त टिकतं. कार्बन डायऑक्साइड त्याचं काही वाकडं करत नाही. रस काढून सकाळपासून उघडा ठेवलात तर दोष उघड्या भांड्याचा.

वजनाच्या दाव्यामागे बहुधा 2017 चा एक अभ्यास आहे. उंदरांना वर्षभर गॅसदार पेयं दिली तेव्हा ते जास्त खाऊ लागले आणि जाड झाले. वीस तरुण पुरुषांमध्ये अशा पेयांनंतर घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक वाढलेलं दिसलं. पुरुषांचं वजन वाढलं असं त्यात नाही. शून्य उष्मांकाच्या पाण्यानं थेट चरबी चढणार नाही, एवढं तर नक्की. फार तर भूक लागेल, आणि मग त्या भुकेला आपण काय खाऊ घालतो तो आपला प्रश्न.

राहिला शेवटचा दावा, कोल्ड्रिंकशी बरोबरीचा. इथं मजकूर चुकलाय, आणि त्याला हसणारे घरगुती पेयांचे भक्तही चुकलेत. 330 मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये सुमारे 35 ग्रॅम साखर असते. घरी 60 मिली संत्र्याचा ताजा रस आणि वर पेलाभर सोडा घेतला तर साखर पाच-सहा ग्रॅम. हा काडीचा फरक नव्हे. पण त्याच पेल्यात चवीपुरती म्हणून तीन मोठे चमचे साखर गेली की पस्तिशी पार, कॅनशी बरोबरी झाली. 'मी साखर नाही, मध घालते' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनात मध, पाक आणि फळांचा रससुद्धा मुक्त साखरेतच, म्हणजे मोजून खायच्या साखरेतच, धरलाय, आणि ती दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवा म्हटलंय, म्हणजे 2000 उष्मांकांच्या आहारात 50 ग्रॅम. जमल्यास पाच टक्के, म्हणजे 25. अख्खं फळ यात धरत नाहीत.

म्हणून मी रस कमी वापरते आणि फळ जास्त. पाच-सहा स्ट्रॉबेरी काट्यानं ठेचायच्या, त्यावर अर्धा चहाचा चमचा साखर भुरभुरायची आणि वीस मिनिटं विसरून जायचं. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तळाशी लाल, दाट रस साचतो. साखर थोडी, पण तिनं सुटलेला वास आणि रंग पेलाभर पुरतो. लिंबू-संत्र्याची साल किसून साखरेत चुरडली तर सालीतलं तेल सुटतं आणि रस निम्माच लागतो. पुदिना वाटायचा नाही, तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची. वाटला की कडवटपणा उतरतो.

क्रम उलटा केला की सगळं फसतं. फळ आधी, सोडा शेवटी. साखरेचे कण, गर, बिया, सगळ्यांच्या खडबडीत अंगावर बुडबुडे धरतात आणि वायू तिथूनच निसटतो. म्हणून रस गाळलेला बरा आणि साखर आधीच विरघळलेली. भरल्या सोड्यात वरून चमचाभर साखर टाकून पाहा, ओट्यावर ओघळ येईल. पाणी फ्रीजमधलं गार हवं, कारण थंड पाणी वायू जास्त धरून ठेवतं: शून्य अंशाला जेवढा विरघळतो त्याच्या जवळपास निम्माच वीस अंशाला. पेला तिरका धरून कडेनं ओतायचं, चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलायचा. घुसळायचं नाही.

घुसळण्यावरून आठवलं. मी एकदा शहाणपणा करून कलिंगडाच्या फोडी आणि सोडा एकत्रच मिक्सरच्या भांड्यात घातले. दोन सेकंद. पात्यांनी सगळा वायू एकदम सुटा केला, बंद भांड्यात त्याला जायला जागा नव्हती, झाकण उडालं आणि गुलाबी फेस छतापर्यंत गेला. ते ठिपके अजून आहेत. घरी गॅस भरायचं यंत्र असेल तर त्यातही फक्त साधं गार पाणीच घालायचं, रस नंतर पेल्यात. आणि रस मिसळलेलं पेय घट्ट बूच लावून बाहेर ठेवायचं नाही. फळावरचं यीस्ट साखर खाऊन आणखी वायू करतं आणि बाटली फुटू शकते. मजकुराला भीतीच घालायची होती तर ही खरी भीती त्यात होती की!

सोडा सगळ्यांना सोसतो असंही नाही. छातीत जळजळ होणाऱ्याला किंवा पोट फुगणाऱ्याला तो त्रास देऊ शकतो. आत्याला पित्ताचा त्रास आहे, तेव्हा तिनं सोडा टाळला तर तिला बरंच वाटेल. पण ते कॅल्शियममुळे नव्हे.

हे सगळं ऐकवल्यावर गेल्या रविवारी ती घरी आली. मी स्ट्रॉबेरीचा पेला पुढं केला. तिनं तो उजेडासमोर धरून बुडबुडे न्याहाळले, मग चमचा घेतला आणि शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत शांतपणे ढवळत बसली. एक घोट घेतला. "आता ठीक आहे," म्हणाली, "पण अगदीच अळणी झालंय गं. साखरेचा डबा कुठंय?"