अजून दोनच हात

आमच्या दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा आईचा हक्क असतो. यंदा जूनमध्ये मी तो झोपाळा कड्यांवरून उतरवला आणि फळी भिंतीशी उभी केली, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "फार तर आठ."

झालं असं होतं की मला धनुष्य करायचं होतं. विकत आणायचं नव्हतं, करायचं होतं. माणसाच्या उंचीचं, एकाच लाकडातून काढलेलं, विजेचं यंत्र न लावता. १५४५ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'मेरी रोझ' नावाचं लढाऊ जहाज बुडालं. ते १९८२ साली वर काढलं. त्यावरची १३७ धनुष्यं अख्खी मिळाली. लाकडाची! चारशेहून जास्त वर्षं समुद्राखाली राहून! आमचं मॉड्यूलर किचन पहिल्याच पावसाळ्यात फुगलं होतं, त्यामुळे या बातमीचा माझ्यावर फार परिणाम झाला.

ती धनुष्यं यू नावाच्या झाडाची. त्याचं बाहेरचं पांढरट लाकूड ताण सोसतं आणि आतला गाभा दाब सोसतो, म्हणजे झाडानेच दोन पट्ट्या चिकटवून दिलेल्या. हे झाड काही कर्वे रोडला लावलेलं नाही. मी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो.

"सहा फूट पाहिजे. रेषा सरळ, गाठ नको."

"काय करायचंय?"

"धनुष्य."

दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "कुठलं मंडळ?"

"मंडळ नाही. घरीच."

"घरच्या गणपतीला एवढं? मग सागवान कशाला घालवताय, पॅकिंगचं देतो. विसर्जनापर्यंत टिकलं म्हणजे झालं ना?"

मी हट्टाने सागवान घेतलं. तिथून बोहरी आळी. रंधा, पटाशी आणि मरफा म्हणजे ती लाकडावरची खरबरीत कानस, एवढं सहज मिळालं. मला आणखी एक हत्यार हवं होतं, दोन्ही टोकांना मुठी असलेला आणि स्वतःकडे ओढायचा सुरा. मी हातवारे करून समजावलं. "स्वतःकडे ओढायचा?" काउंटरवरचा माणूस म्हणाला, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

शेवटी ओळखीच्या मिस्त्रींनी जुना वाकस, म्हणजे लाकूड तासायचं सुतारी हत्यार, दिला. देताना म्हणाले, "आम्हाला वाकडं लाकूड सरळ करायचे पैसे मिळतात. तुम्ही सरळ लाकूड वाकडं करणार. याचे कोण देतं?"

सागवानी धनुष्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बारा दिवस तासलं, तेराव्या दिवशी झोपाळ्याच्या कडीला टांगून दोरी खाली ओढली, आणि असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरच्या काकू "सिलेंडर का?" म्हणत धावत आल्या. फळीतली एक रेष मधेच तिरकी होऊन कडेला निघाली होती, बरोबर तिथेच दोन तुकडे. मोडेन पण वाकणार नाही हा बाणा माणसाला शोभतो म्हणतात. धनुष्याच्या लाकडाला तो अजिबात परवडत नाही.

त्यानंतर आठवडाभरात सोसायटीतल्या अकरा जणांनी मला "शिवधनुष्य मोडलंत म्हणे!" हा विनोद ऐकवला. मी मोजले. बायकोने मात्र तो केला नाही. तिने फक्त विचारलं, "मोडलेलं परत घेतात का?"

खरं लाकूड मिळालं ते भोरकडच्या आतेभावाकडे. गेल्या पावसाळ्यात बांधावरच्या धामणीची फांदी पडली होती. कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी म्हणून त्याने ती उभी चिरून, टोकं तडकू नयेत म्हणून शेणाने लिंपून गोठ्याच्या माळ्यावर टाकली होती. धामण म्हणजे चिवट लाकूड, कावडीचं, दांड्याचं. संस्कृतात या झाडाला 'धन्वन' म्हणतात, हे मी आतेभावाला सांगितलं. तो म्हणाला, "असेल. पण एक दांडा माझ्यासाठी ठेव."

या लाकडाने मला खरी विद्या शिकवली. साल सोलली की तिच्याखाली जो पहिला थर लागतो, ती धनुष्याची पाठ. बाण मारताना ती समोर, लक्ष्याकडे असते आणि सगळा ताण तिच्यावर येतो. तिला हत्यार लावायचं नाही. एक दोरा जरी कापला गेला तरी पुढे तिथूनच ढलपी उठते. त्यामुळे साल काढताना मी वाकस बाजूला ठेवला आणि पालथ्या चमच्याने, नारळाची मलई खरवडावी तसा, तीन संध्याकाळी खरवडत बसलो. ओलसर, चिवट दोरे नखांत अडकत होते आणि खालून पिवळट, गुळगुळीत पाठ वर येत होती. आजवर मी हाताने केलेल्या कामांत एवढं सुंदर काही झालेलं नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

कारण त्यानंतर पोट तासायचं असतं. पोट म्हणजे आपल्याकडची बाजू. दोन्ही पंख, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे भाग, सारखे वाकले पाहिजेत. म्हणून थोडं तासायचं, कडीला टांगायचं, पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढायचं, कुठे अडतंय ते लांबून बघायचं, आणि जिथे ताठ आहे तिथलंच लाकूड काढायचं. इंग्रजीत याला टिलरिंग म्हणतात. मराठीत याची गोष्ट आपण बालवाडीत ऐकलेली आहे. दोन मांजरं, लोण्याचा गोळा आणि न्याय करणारं माकड. डावा पंख ताठ दिसला की मी डावीकडे दोन हात मारायचो. मग उजवा ताठ दिसायचा. मग उजवीकडे दोन हात. फरक इतकाच की माकडाच्या पोटात निदान लोणी तरी गेलं, माझ्या पदरी नुसता भुसा.

ओढ मोजायला आमच्याकडे बॅगांचा काटा होता. मुलगी अमेरिकेत असल्यामुळे हा काटा पुण्यातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही देवघराच्या खालच्या खणात असतो. भाजणी आणि मेतकुटासकट बॅग २३ किलोंच्या आत बसवायला. माझं उद्दिष्ट २८ इंचांवर २० किलोंचं होतं, म्हणजे दोरी २८ इंचांपर्यंत ओढली की काट्याने २० किलो दाखवायचे. मेरी रोझवरची धनुष्यं ४५ किलोंच्या वरची असावीत असा अंदाज आहे, आणि तिथल्या काही सांगाड्यांच्या खांद्यांमधले फरक अभ्यासकांनी धनुर्विद्येशी जोडले आहेत. माझाही खांदा ऑगस्टमध्ये धरला. फिजिओथेरपिस्टने विचारलं, "काय उचलता?" मी म्हणालो, "उचलत नाही, ओढतो." तिने कागदावर काहीतरी लिहिलं.

खालच्या मजल्यावरचे काका एकदा पाहणी करून गेले. "साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक स्पर्धा जिंकली. वय सतरा. तुमचं किती?"

"काका, ती कंपाउंड धनुष्य वापरते. त्याला दोन्ही टोकांना चाकं असतात."

"मग तुम्हीही लावा की चाकं!"

खरी पारख आईला होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, झोपाळ्याविना ती समोर खुर्चीत बसलेली, आणि साठ वर्षं पोळ्या लाटलेली नजर. "डावीकडे मुठीपासून वीतभर जाड आहे," ती म्हणायची. ते तसंच असायचं. मी तिथे काचेच्या तुकड्याने खरवडायचो. ऑगस्टच्या शेवटी काटा १९ दाखवत होता आणि आई म्हणाली, "झालं की रे. छान वळलंय."

पण मला उजव्या टोकाकडे किंचित काहीतरी दिसत होतं. अजून दोनच हात.

गणपतीत साडेपंधरा. पितृपंधरवड्यात बारा. दर वेळी तासणं डाव्या-उजव्यात न्याय करण्यासाठीच होतं, आणि दर वेळी दोन्ही पंख आधीपेक्षा अधिक सारखे आणि अधिक अशक्त होत होते. नवरात्राच्या सातव्या माळेला धनुष्य निर्दोष गोल वळलं आणि काट्यावर आकडा आला ९.३. एवढ्या वजनाची तर मुलगी नुसती पुस्तकं नेते.

नवमीला सकाळी मला स्वप्नातच उजवा पंख ताठ दिसला होता. उठून बाहेर आलो तर पाटावर रंधा, पटाशी, मरफा, मिस्त्रींचा वाकस, बायकोची सुरी आणि विळी, मिक्सरचं भांडं, सगळं धुऊन पुसून मांडलेलं. मधोमध माझं धनुष्य, दोरी उतरवलेलं. प्रत्येकाला हळद-कुंकवाचं बोट आणि झेंडूचं एकेक फूल.

मी वाकून काचेचा तुकडा शोधायला लागलो.

"आज खंडेनवमी," आई म्हणाली, "हत्यारांना हात लावायचा नाही."

"अगं, पण उजवीकडे फक्त..."

"आणि उद्या दसरा."

दुपारी तिने वॉचमनला वर बोलावलं आणि माझ्यासमोर झोपाळा दोन्ही कड्यांना लावून घेतला. चार वाजले होते.