मशीन बोट घेईना

परवा जालन्याहून एका ग्राहकाचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मशीनपायी रोज सकाळी दहा-बारा बाया गेटवरच अडकायल्यात."

मशीन मीच बसवलेलं. वाळूजला नऊ वर्षांपासून हाच धंदा आहे माझा: पंचिंग मशीन, कार्ड रीडर, दाराचं मॅग्नेटिक लॉक. (वायर ओढायला शिडीवर मी चढते, तरी साइटवर पहिला प्रश्न असतो, "सर कधी येणारेत?" त्यावर परत कधीतरी.)

सातच्या पाळीला जाऊन उभी राहिले. बी निवडणाऱ्या, पोती शिवणाऱ्या बाया. पोत्यांनी आणि घरच्या राखेनं बोटं गुळगुळीत झालेली. एक मावशी चौथ्यांदा बोट पुसत म्हणाल्या, "माय, रेशनच्या दुकानातबी हेच व्हतंय. माझं बोटच मेलंय बघ."

बोटावरची रेष कुठे संपते, कुठे फुटून तिच्या दोन होतात, त्या जागा मशीन आकड्यांत साठवतं. रेषाच झिजल्या तर साठवणार काय? त्यात थंडीत कातडी कोरडी पडली की सेन्सर आणखी हटून बसतो. तपासणी कडक ठेवली की परका आत शिरायची शक्यता घटते, पण आपलंच माणूस बाहेर राहायची वाढते. सैल केली की उलटं. दोन्ही चुका शून्यावर आणणारं मशीन कुणाकडेच नाही. विकताना आहे म्हणून सांगतात. सुरुवातीला मीही सांगायचे.

आता खरी गोम. परका आत शिरला तर नुकसान मालकाचं, म्हणून मालक म्हणतो, कडक ठेवा. आपली बाई बाहेर राहिली तर ठेकेदार तिचा अर्धा दिवस कापतो. चूक मशीनची, खाडा बाईचा. हे मला पटत नाही, आणि मशीन विकून पोट भरणारीनं तर हे आधी बोलायला पाहिजे.

मॅनेजर म्हणाले, "मग चेहऱ्याचं लावा." लावता येईल. पण गेट पूर्वेला तोंड करून. सकाळी ऊन थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे कोणती बाई स्कार्फ बांधल्याशिवाय बाहेर पडते? शिवाय मी विचारलं, मागच्या हंगामात काम सोडून गेलेल्यांचे ठसे कुठायत? मशीनमध्येच! खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सांगितलं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदाही सांगतो, की काम संपलं की माहिती पुसा. जुने ठसे पुसायचे राहिलेत आणि यांना वर चेहरे हवेत. कार्ड हरवलं तर दुसरं देता येतं. चेहरा कुठून आणायचा?

शेवटी ज्यांची बोटं लागत नाहीत त्यांना कार्ड दिली. स्वस्तातलं 125 किलोहर्ट्झचं नाही. ते रीडरसमोर आलं की आपला नंबर जाहीर करून मोकळं होतं, नक्कल करायला दोन मिनिटं लागत नाहीत. 13.56 मेगाहर्ट्झचं, एन्क्रिप्शनवालं दिलं. "एकीचं कार्ड दुसरीनं लावलं तर?" लावेलही. सुपरवायझर कशासाठी ठेवलाय?

माझ्या कोटेशनमध्ये आता एक ओळ असते: मशीननं तीनदा नाकारलं तर वॉचमनच्या रजिस्टरवरची सही ही पूर्ण हजेरी. या ओळीपायी दोन ग्राहक गेले. जालन्याच्यांनी अजून सही केलेली नाही.

मावशींनी कार्ड चंचीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेही लागेना! पाहिलं तर कार्डाला चिकटून चुन्याची पत्र्याची डबी. डबी आता कंबरेला खोसतात. चंची तशीच रीडरला लावतात, दार उघडतं.