आधी ओळ मोजा, मग गाण्याचा प्रकार ठरवा

स्वतः लिहून स्वतःच चाल लावणाऱ्यांना "हे गाणं सुचलं कशावरून?" असं विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात येतं. पाऊस. विरह. आई. एकटेपण. उत्तर खरं असतं, पण त्या शब्दातून गाणं निघत नाही, कारण त्याला लयच नसते. 'विरह' या विषयावर ब्लूज होतो, गझल होते, रॅप होतो आणि रटाळ निबंधही होतो. कुठल्या वाटेने जायचं हे विषय सांगत नाही. कुणीतरी कधीतरी बोललेलं एखादं वाक्य मात्र ते सांगतं. त्या वाक्यात लघु-गुरू (आखूड-लांब) अक्षरं असतात, जोर कुठे द्यायचा ते ठरलेलं असतं आणि श्वास कुठे घ्यायचा तेही. म्हणून माझं ठाम मत आहे की प्रेरणेची वही ठेवायची तर त्यात विषय लिहू नयेत. वाक्यं लिहावीत, आणि कानावर पडली तशीच लिहावीत, शुद्ध करून नव्हे.

उदाहरण म्हणून एकच वाक्य घेतो आणि त्याला चार-पाच प्रकारांतून फिरवून बघू. वाक्य आहे: "दार नुसतं लोटलंय." कडी लावलेली नाही, कुणी येणार असेल तर येऊ दे, पण वाट बघतोय असं मात्र कबूल करायचं नाही. एवढं सगळं या तीन शब्दांत आहे. गाण्याला याहून जास्त प्रेरणा लागत नाही.

पहिलं काम चाल लावण्याचं नाही. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि हे वाक्य साध्या बोलण्याच्या आवाजात तीनदा म्हणा. तिसऱ्यांदा म्हणताना सहज जोर कुठे पडला, कुठे थबकलात, ते ऐका. मग मात्रा मोजा. लघु अक्षर एक मात्रा, गुरू दोन. 'तं', 'लं' ही बोलीतली रूपं आपण लांबवतोच, म्हणून ती गुरू धरायची. दार ३, नुसतं ४, लोटलंय ६. एकूण १३.

आता हे १३ कशात बसतात? केहरवा या आठ मात्रांच्या तालात ८-८ ची दोन आवर्तनं (फेऱ्या) धरली तर १६ मात्रा होतात, म्हणजे ३ मोकळ्या. सरळ ओळीने म्हणत गेलात तर 'लो' आठव्या मात्रेवर सुरू होतो आणि दुसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, त्याच्या पोटात येते. ऐकताना पाय अडखळल्यासारखा वाटतो. उपाय सोपा आहे: 'नुसतं' नंतर एक मात्रा थांबा. मग ७ अधिक १, ६ अधिक २ अशी मांडणी होते आणि 'लो' नेमका समेवर येतो. शिवाय "दार नुसतं... लोटलंय" हा थांबा बोलण्यातलाच आहे, वरून चिकटवलेला नाही.

पण खरी गंमत रूपकात आहे. रूपक सात मात्रांचा, ३-२-२. 'दार' ३, 'नुस' २, 'तं' २. जसंच्या तसं बसलं. दुसऱ्या आवर्तनात 'लोट' ३, 'लं' २, 'य' एक आणि एक मात्रा विश्रांती. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर असते, त्यामुळे 'दार' या शब्दावर ठोका न पडता तो अलगद येतो. नुसतं लोटलेलं दार असंच आलं पाहिजे. भावगीताच्या अंगाने जायचं असेल तर मी या ओळीला चारचारच्या ठेक्यात कोंबणार नाही. सात मात्रा अवघड वाटतात म्हणून लोक टाळतात आणि मग ओळीला 'गं', 'रे', 'आज' अशी भरताड जोडत बसतात. अशी भरती दिसली की समजावं, ताल आधी ठरला होता आणि वाक्य नंतर आणलं गेलं.

आता एकच शब्द बदलू. 'नुसतं' ऐवजी 'फक्त'. जोडाक्षराच्या आधीचा 'फ' गुरू होतो, म्हणून 'फक्त' ३ मात्रांचा. "दार फक्त लोटलंय": ३, ३, ३, ३. बारा मात्रा, म्हणजे सहा मात्रांच्या दादऱ्याची दोन पूर्ण आवर्तनं. आणखी नीट बघा: प्रत्येक गट गुरू-लघु आहे. दा-र, फक्-त, लो-ट, लं-य. आधी लांब, मग आखूड, दोनास एक. ब्लूजच्या शफल ठेक्याचं गणित हेच असतं. ठेक्याचे तीन भाग करून त्यातले दोन पहिल्या सुराला, एक दुसऱ्याला. म्हणजे ही ओळ ब्लूजच्या एका बारमध्ये, चार ठोक्यांत, काही न ओढता बसते.

दादरा आणि शफल दोन्ही तीनच्या पटीत असले तरी वजन वेगळ्या जागी पडतं. दादऱ्यात सम 'दार' वर आणि 'लोट' वर येते. ब्लूजमध्ये स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वाजतो, म्हणजे 'फक्त' वर आणि 'लंय' वर. दादऱ्यात गाणं दाराबद्दल होतं. ब्लूजमध्ये ते 'फक्त' बद्दल होतं, म्हणजे कबूल न करण्याबद्दल. शब्द तेच, पण माणूस वेगळा उभा राहतो. प्रकार निवडणं म्हणजे हे वजन निवडणं. वाद्यांची निवड त्यानंतरची गोष्ट.

ब्लूजच करायचा ठरला तर बारा बारचा साचा घ्या. ए या पट्टीत पहिले चार बार ए सेव्हन हा कॉर्ड, पाच-सहा डी सेव्हन, सात-आठ परत ए सेव्हन, नऊ ई सेव्हन, दहा डी सेव्हन, शेवटचे दोन ए सेव्हन (परत फिरायचं असेल तर बाराव्यात ई सेव्हन). शब्दांची रीत अशी: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी ओळ. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गायचं त्यातले दोनच. उरलेले दोन गिटारचे. ओळ दोन बारची करायची तर २४ मात्रा हव्यात:

दार फक्त लोटलंय, आत कोण यायचंय
दार फक्त लोटलंय, आत कोण यायचंय
वाट कोण पाहतंय! काम फार राहिलंय

सगळं गुरू-लघु, सगळं बोलण्यातलं. एकही प्रतिमा नाही, आणि ब्लूजला ती फारशी लागतही नाही. ७२ च्या टेम्पोला (मिनिटाला ७२ ठोके) हे बारा बार बरोबर ४० सेकंदांत होतात. पाच कडवी म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. त्यातलं चौथं गिटारला द्या. इथे नवखा लेखक हटकून एक चूक करतो: गिटारचे दोन बार रिकामे दिसले की तिथेही शब्द भरतो. मग उत्तर द्यायला कुणी उरत नाही आणि गाणं गुदमरतं. पहिली ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा खालचा कॉर्ड बदललेला असतो, म्हणून तिचा अर्थही थोडा सरकतो. तिथे शब्द बदलण्याचा मोह आवरा.

रॅपमध्ये मात्रांपेक्षा ठोका आणि यमक महत्त्वाचं. ९० च्या टेम्पोला १६ बार साधारण ४३ सेकंद चालतात. एका बारमध्ये दहा-बारा अक्षरं आरामात बसतात, त्याहून जास्त झाली तर श्वासाची जागा आधी खुणावून ठेवा, नाहीतर चौथ्या बारला आवाज पडतो. इथे ही ओळ कडव्याचा शेवट म्हणून चांगली, सुरुवात म्हणून कमकुवत. रॅपला तपशिलांची रास लागते: चपला कुठे आहेत, दिवा चालू आहे का, चावी कुणाकडे आहे. त्या राशीनंतर "दार नुसतं लोटलंय" आलं की ते लागतं. यमकाला शेवटचं एक अक्षर पुरत नाही, स्वरांची पूर्ण साखळी जुळली पाहिजे: लोटलंय, गोठलंय, पोचलंय.

रेगेत पहिला ठोका बऱ्याचदा रिकामा सोडतात, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर तिसऱ्यावर एकत्र येतात. पहिल्याच अक्षरावर वजन असलेली ही ओळ तिथे बसवायला फिरवावी लागते: "नुसतं दार लोटलंय." चालेल, पण ओळ फिरवावी लागली तेव्हाच कळतं की हे तिचं घर नाही.

गझलेत 'लोटले' हा रदीफ (शेराच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द) धरता येईल, 'दार', 'वार', 'भार' हे काफिये (त्याआधीची यमकं). पण गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहतो, म्हणजे दार एकाच शेरात येईल आणि बाकीचे चार शेर दुसरं काही सांगतील. या वाक्यात एकच प्रसंग आहे. तो पाच तुकड्यांत वाटला की संपतो. अशा प्रेरणेची गझल करू नये असं माझं मत आहे. एखादा विचार पाच बाजूंनी दिसत असेल तरच तिकडे वळावं.

रॉकबद्दल थोडक्यात. गिटारचा आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन लावल्याने गाणं रॉक होत नाही. पॉवर कॉर्डमध्ये षड्ज आणि पंचम एवढेच सूर असतात, गंधार नसतो. म्हणून तो कॉर्ड धड मेजरही नाही आणि मायनरही नाही. गाण्याचा रंग गळ्यातला सूर ठरवतो, त्यामुळे चाल कच्ची असेल तर लपायला जागा नाही. आणि कोरसची ओळ ओरडता आली पाहिजे, म्हणजे तिच्या शेवटी उघडा स्वर हवा.

हा स्वरांचा मुद्दा सगळ्याच प्रकारांत छळतो. वरचा, लांब धरायचा सूर 'आ' किंवा 'ओ' वर द्यावा, 'ए' वरही चालतो. 'ई' वर गळा आवळतो. 'लोटलंय' चा शेवट 'य' ने मिटतो, तो धरताच येत नाही. धरायचाच असेल तर 'लो' धरा आणि शेवट तोडा. शेवटी तान हवी असेल तर 'लोटले' करा, पण मग ६ च्या जागी ५ मात्रा होतात आणि शफल मोडतो. शिवाय एकदा 'लोटले' लिहिलंत की पूर्ण गाणं त्याच भाषेत गेलं पाहिजे. एका ओळीत 'झाले' आणि पुढच्या ओळीत 'केलंय' असं आलं की ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

समेवर लघु अक्षर ओढणं हा दुसरा मोठा दोष. 'कडी' चा 'क' ताणला की 'काडी' ऐकू येते. 'मन' चं 'मान' होतं, 'कळा' चं 'काळा'. चाल सुंदर असली तरी अर्थ गेला. असा शब्द समेच्या एक मात्रा आधी उचला, म्हणजे 'क' समेआधी येईल आणि 'डी' समेवर.

तिसरा दोष आपल्या वाक्यरचनेतून येतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून यमकं आपोआप जुळतात: गेले, आले, झाले, केले. इतकी सहज जुळणारी यमकं कानाला काहीच देत नाहीत. क्रियापद ओळीच्या मध्ये घ्या आणि शेवटी नाम ठेवा: "उंबऱ्याशी थांबलेलं ऊन." आता 'ऊन' ला यमक शोधावं लागेल आणि त्या शोधात पुढची कल्पना सापडेल. वरच्या ब्लूजमध्ये मी क्रियापदंच शेवटी ठेवली आहेत, कारण तिथे बोलण्याचा सूर यमकापेक्षा मोठा आहे. हे ठरवून केलेलं असावं, एवढंच.

आणि गाणं कोण गाणार? 'मी थांबलो' लिहिलं की ते पुरुषाचं झालं, 'थांबले' लिहिलं की बाईचं. दुसऱ्या कुणीही गावं असं वाटत असेल तर 'मी थांबेन', 'मी वाट पाहिली', 'मला आठवतं' अशी रूपं वापरा. यांत बोलणाऱ्याचं लिंग उघड होत नाही.

शब्दांच्या आधी चालच सुचली तर ती 'ला ला ला' करून साठवू नका. 'गा' आणि 'ल' वापरून म्हणा: गालगा गालगा. महिन्याने ऐकलं तरी कुठे लांब, कुठे आखूड शब्द हवा ते कळेल. फाईलच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहा. सुचलेली चाल खरंच आपली आहे का तेही तपासा. १९७६ साली 'बीटल्स' बँडमधून पुढे आलेल्या जॉर्ज हॅरिसनच्या एका गाजलेल्या गाण्याबाबत अमेरिकन न्यायालयाने निर्णय दिला की चालीची नक्कल नकळत झाली आहे, आणि तरीही ती नक्कलच आहे. कॉर्डची मालिका किंवा ठेका सहसा कुणाच्या मालकीचा नसतो. सुरांचा क्रम आणि त्यांची लय मिळून चाल होते. शब्द काढून, अर्ध्या वेगाने, नुसती चाल वेगवेगळ्या वयाच्या दोघांना ऐकवा. दोघांनाही तेच गाणं आठवलं तर सूर बदलून भागणार नाही, सुरांची लय बदलावी लागेल.

चार कॉर्डचं लूप लावून त्यावर काही सुचतंय का बघत बसणं ही मला सर्वांत कमी फळणारी पद्धत वाटते. लूप दर चार बारांनी संपतं, म्हणून ओळही तिथेच संपते, आणि दहा गाण्यांचा श्वास एकच होतो. तसंच करायचं असेल तर निदान एक ओळ तीन बारची करा, किंवा पहिला ठोका गेल्यावर शब्द सुरू करा.

गाणं बाहेर आणताना त्यामागची प्रेरणा लिहायची असेल तर चार ओळी पुरतात. मूळ वाक्य काय होतं, ते कुणी कुणाला म्हटलेलं कल्पिलं आहे, कुठला ताल आणि तोच का. गाण्याचा अर्थ मात्र त्यात लिहू नका.